आधी कड, मग चित्र : जपानी तलवारीच्या साजाचे सात दिवस

आपल्याकडच्या जुन्या तलवारीची मूठ लाखेने नाहीतर खिळ्यांनी पात्याला कायमची बसवलेली असते. जपानी तलवारीत ती बांबूच्या एका खुंटीवर अडकलेली असते. ही खुंटी, म्हणजे मेकुगी, ठोकून काढली की आधी मूठ निघते, मग एक पातळ चकती, मग त्सुबा नावाची हाताचे रक्षण करणारी तबकडी, मग दुसरी चकती. सगळा साज सुटा होतो आणि दुसऱ्या पात्यावर चढू शकतो. त्यामुळे पात्यावरून साज ओळखता येत नाही. साजाला स्वतःच बोलावे लागते. 1876 साली मेजी सरकारने तलवार कमरेला लावून फिरायला बंदी घातली, तेव्हा हा सुटा साज पेट्या भरभरून बाजारात आला. आज संग्रहालयांत आणि दुकानांत दिसतो तो बराचसा असा, पात्यापासून तुटलेला.

त्सुबांची घराणी ओळखायची तर गाण्याच्या घराण्यांसारखीच ओळखावी लागतात. बंदिश कुणीही उचलतो, आवाज लावण्याची पद्धत उचलता येत नाही. त्सुबावरचा बगळा, पाइन, लाटा ही बंदिश. लोखंड, कड आणि छिद्रांची ठेवण हा गळा. पुढचे सात दिवस गळा ऐकण्याचे आहेत.

सुरुवात मंगळवारी करावी, कारण सोमवारी जपानमधली बहुतेक संग्रहालये बंद असतात. सोबत 4 ते 6 पट मोठे दाखवणारी एका डोळ्याची छोटी दुर्बीण घ्यावी. काचेपलीकडची वस्तू साध्या भिंगाने दिसत नाही. 10 पटीचे भिंग दुकानासाठी, आणि 8 सेंटिमीटर व्यासाची वर्तुळे आधीच काढून ठेवलेली वही. विजेरी नको, संग्रहालयात ती चालत नाही.

मंगळवार, टोकियो : र्‍योगोकु

तलवार संग्रहालय 2018 पासून र्‍योगोकुला, जुन्या यासुदा बागेच्या कडेला आहे. सुमोच्या आखाड्याला वळसा घालून पाच-दहा मिनिटांत पोचता येते. 1948 साली स्थापन झालेली जपानी तलवारींच्या जतनाची संस्था ते चालवते. साजाला प्रमाणपत्रे देणारी संस्था हीच, तिच्याकडे सोमवारी परत यायचे आहे. मांडणी बदलत राहते, म्हणून अमुक एक वस्तू दिसेलच असे धरून जाऊ नये. पहिला दिवस नावे आणि पाहण्याचा क्रम बसवण्यासाठी पुरतो.

मुठीच्या तोंडाशी कडे असते ती फुची, शेवटची टोपी ती काशिरा. मुठीच्या दोरीखाली दडलेले दोन छोटे अलंकार मेनुकी. म्यानाच्या खाचेत राहणाऱ्या छोट्या सुरीची मूठ म्हणजे कोझुका, ती सुमारे 9.7 सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर रुंद. म्यानाच्या दुसऱ्या बाजूला केस सारखे करण्याची सळई, कोगाई, लांबी सुमारे 21 सेंटिमीटर. आणि त्सुबा : लांब तलवारीची बहुधा 7 ते 8.5 सेंटिमीटर, छोट्या तलवारीची त्याहून लहान.

त्सुबा मांडतात तेव्हा मधल्या पाचरीसारख्या भोकाचे निमुळते टोक वर असते, कारण कमरेला खोचलेल्या तलवारीची धार वर असते. मुठीकडची बाजू ती दर्शनी. तिच्याकडे तोंड केले की डावीकडे अर्ध्या चंद्रासारखे भोक कोझुकाचे, उजवीकडे तीन पाकळ्यांचे कोगाईचे. मधल्या भोकाभोवतीची लंबगोल सपाट जागा म्हणजे सेप्पा-दाई. चकत्या हिच्यावर टेकतात. कारागिराची सही असलीच तर इथेच असते, म्हणजे तलवार जोडली की झाकली जाते. मिरवण्यासाठी नसलेल्या सहीवर नवखा माणूस सगळ्यात आधी झडप घालतो, हे मोठे गमतीचे आहे.

पाहण्याचा क्रम असा लावावा. आधी धातू : लोखंड की तांब्याच्या जातीचा मिश्रधातू. मग कड : चौकोनी, गोल, की पत्रा उलटून ठोकलेली. मग जाडी, आणि ती मध्यापासून कडेपर्यंत वाढते की घटते. मग सेप्पा-दाईचा आकार आणि बाजूची भोके. त्यानंतर पृष्ठभाग. चित्र त्यानंतर, आणि सही सगळ्यात शेवटी. वहीतल्या वर्तुळात सेप्पा-दाई आणि भोकेच आधी काढावीत. चित्र आधी काढले की डोळा तिथेच अडकतो आणि बाकीचे अंदाजाने भरले जाते.

क्रम पडताळायला सगळ्यात जुने, बिनसहीचे लोखंड चांगले. तलवार घडवणाऱ्या लोहारांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्सुबा सपाट, पातळ, बहुधा 3 मिलिमीटरच्या आसपास. त्यात एखादेच लहान चित्र आरपार कापलेले. चिलखतकारांच्या मानल्या जाणाऱ्या त्सुबाही पातळच, पण त्यांची कड उचललेली असते. एवढ्या एका फरकावर दोन गट वेगळे होतात. अर्थात कुठली कुणी घडवली हे लिहून ठेवलेले नाही, ही नावे नंतरच्या अभ्यासकांची.

बुधवार, टोकियो : उएनो

साडेनऊला राष्ट्रीय संग्रहालय उघडते. मुख्य इमारत होनकान. आजचा दिवस मऊ धातूंचा आणि गोतो घराण्याचा.

चार धातू डोळ्यांत बसले पाहिजेत. शाकुदो : तांब्यात साधारण 3 ते 5 टक्के सोने, रंग निळसर झाक असलेला काळा. शिबुइची : नावाचा अर्थच चौथाई, म्हणजे एक भाग चांदी आणि तीन भाग तांबे, रंग राखाडी. प्रत्यक्षात चांदीचे प्रमाण बरेच बदलते. सेन्तोकु हे पितळ. यामागाने म्हणजे खाणीतून आले तसे, फारसे न शुद्ध केलेले तांबे. शाकुदोचा काळा हा रंग लावलेला नाही. वस्तू किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून ताम्रक्षारांच्या उकळत्या पाण्यात घालतात, त्यातून वरचा अतिशय पातळ थर काळा होतो. म्हणूनच अशी वस्तू चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने उजळली की खाली सरळ तांबूस धातू दिसतो. देवघरातल्या तांब्या-पळीला शोभणारी ही सवय इथे वस्तूचा जीव घेते.

गोतो घराण्याचा पहिला पुरुष युजो (1440–1512), शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, आशिकागा योशिमासाच्या सेवेतला. तिथून सतराव्या पिढीच्या तेन्जोपर्यंत घराणे अखंड चालले. त्यांची खूण म्हणजे शाकुदोवरचे नानाको आणि त्यावर उठावातले सोनेरी सिंह, ड्रॅगन, वनस्पती. नानाको म्हणजे अक्षरशः गाभोळी : टोकाला पोकळ वाटी असलेल्या पंचाने एकेक दाणा ठोकून उठवलेली जमीन. दाणे राजगिऱ्यापेक्षा बारीक असतात. दुर्बिणीतून रांग धरून डोळा पुढे न्यावा. चांगल्या कामात रांग वळणावरही मोडत नाही, दाण्यांच्या माथ्यांची उंची सारखी असते, आणि उठावाच्या अगदी कडेला दाणा अर्धवट चिरडलेला नसतो. हलक्या कामात नेमका तिथेच गोंधळ दिसतो, कारण अरुंद जागेत पंच तिरका बसतो.

कोझुका, कोगाई आणि मेनुकी एकाच हातचे असले की त्या संचाला मितोकोरोमोनो म्हणतात, तीन जागांच्या वस्तू. गोतोंचे नाव याच संचांवर आहे. सुरुवातीच्या पिढ्यांची कामे बिनसहीची. पुढच्या पिढ्यांच्या प्रमुखांनी पूर्वजांची कामे ठरवून त्यावर तसे कोरले किंवा ओरिगामी नावाचे प्रमाणपत्र दिले. त्यामुळे कोझुकावर पाचव्या पिढीचे नाव आणि कोरणारा दहाव्या पिढीचा, असे दिसले तर ती लबाडी नव्हे. मेनुकी शक्य तिथे उलट्या बाजूने पाहावी. जुन्या कामात पत्रा मागून खोल ठोकून फुगवलेला असतो, भिंत पातळ आणि सारखी. ओतीव नकलेत मागची बाजू बोथट, जाड आणि समोरच्या आकाराशी न जुळणारी निघते.

एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, सरकारी दरबारात जाताना काळे म्यान आणि शाकुदोवरचा गोतो साज हा शिरस्ता होता. त्याच्या बाहेर शहरी गिऱ्हाइकांसाठी काम करणारे ते माचिबोरी. त्यांचा अग्रणी योकोया सोमिन (1670–1733). त्याने काताकिरी कोरीवकाम नावारूपाला आणले. छिन्नी एका कुशीवर तिरकी धरून रेघ अशी कापायची की एक काठ खडा आणि एक उतरता, म्हणजे कुंचल्याचा दाब-उठाव धातूत येतो. खरे काताकिरी एका दमात कापलेले असते. नक्कल करणारा रेघ दोन-तीनदा गिरवतो, आणि भिंगाखाली तळाशी पायऱ्या दिसतात. नारा गटातले तोशिनागा, त्सुचिया यासुचिका आणि सुगिउरा जोई हे तिघे उस्ताद म्हणून एकत्र मोजले जातात. त्यातला जोई सपाट पृष्ठभागाच्या खाली दबवलेल्या उठावासाठी चटकन ओळखता येतो. हा प्रांत मोठा आहे, पण एका दिवसात एवढेच पचते.

संध्याकाळी शिन्कान्सेनने नागोया, सुमारे एक तास चाळीस मिनिटे.

गुरुवार, नागोया

लोखंड शिकायचे तर इथेच. ओवारी प्रांत हा जाळीदार लोखंडी त्सुबांचा एक बालेकिल्ला. सकाळी तोकुगावा कला संग्रहालय, तिथे ओवारीवर राज्य करणाऱ्या तोकुगावांच्या घरातला ठेवा आहे. दुपारी आत्सुता देवस्थानातले 2021 साली उघडलेले कुसानागी दालन. दुसऱ्या ठिकाणी ओढ मुख्यतः पात्यांची, साजासाठी तिथे तासभर पुरे.

जाळीचे, म्हणजे सुकाशीचे, दोन प्रकार आधी वेगळे करावेत. चित्र आरपार कापून काढलेले, म्हणजे चित्राच्या जागी भोक असेल, तर ते सावलीचे. चित्र लोखंडात उरलेले आणि भोवतालचे कापलेले असेल, तर ते जमिनीचे, जि-सुकाशी. ओवारीचे वैभव दुसऱ्या प्रकारात.

ओवारी सुकाशीची लक्षणे : जाडी 5-6 मिलिमीटर, कड चौकोनी, कोपरे किंचित मारलेले, सेप्पा-दाई भरदार, रचना बहुतेकदा डावी-उजवी किंवा वर-खाली जुळणारी, आणि कडेवर तेक्कोत्सु. तेक्कोत्सु म्हणजे लोखंडाची हाडे : घडवताना नीट न मिसळलेले कठीण कण. भोवतीचे मऊ लोखंड झिजते, गंजते, आणि हे गाठींसारखे वर राहतात. प्रकाश कडेवरून आडवा पडला की चकचकीत, गुळगुळीत उंचवटे दिसतात. बनावट तेक्कोत्सु ठोकून केलेले असतात. ते सारख्या अंतरावर येतात आणि त्यांच्या खळग्यांत हातोडीची कड उमटलेली असते.

कानायामा त्सुबा याच प्रांताची, पण आकाराने लहान, बऱ्याचदा 7 सेंटिमीटरच्या आत, आणि त्या मानाने जाड. तेक्कोत्सु इथे सगळ्यात ठळक. पृष्ठभागावर याकितेचा, म्हणजे उष्णतेने किंचित वितळल्यासारखा, तुकतुकीतपणा. ओवारी की कानायामा यावर जाणकारही अडतात. अशा वेळी वजन आणि आकारमानाचे नाते बघावे : हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा जड ती बहुधा कानायामा. काचेबाहेरून हे कळत नाही, म्हणून वहीत दोन्ही नावे लिहून प्रश्नचिन्ह टाकावे. खोट्या खात्रीपेक्षा बरे.

नोबुइए आणि यामाकिचिबेई ही ओवारीशी जोडलेली दोन सहीवाली नावे. नोबुइएच्या त्सुबात पत्रा मध्यापेक्षा कडेला जाड होत जातो आणि कड उलटून ठोकलेली असते. वर कासवाच्या पाठीच्या षटकोनांसारख्या बारीक रेघा किंवा प्रार्थनेची अक्षरे. सहीच्या दोन तऱ्हा अभ्यासक वेगळ्या करतात : सुटी-सुटी अक्षरे आणि जाड अक्षरे. यामाकिचिबेईत हातोडीचे घाव उघडे ठेवलेले, आणि पत्र्याचा पोत सगळ्यात जिवंत.

इथेच सावध राहावे. एकोणिसाव्या शतकात फुतागोयामा नोरिसुके या ओवारीच्याच कारागिराने जुन्या उस्तादांच्या अशा नकला केल्या की त्या आज स्वतःच्या गुणावर जमवल्या जातात. नक्कल उघडी पडते ती मुख्यतः झिजेत. चारशे वर्षांच्या त्सुबात सेप्पा-दाईवर चकत्यांचा घासल्याचा पट्टा असतो, मधल्या भोकाच्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या पात्यांना बसवताना मारलेले छिन्नीचे ठोसे असतात, आणि सेकिगाने नावाच्या तांब्याच्या पाचरा बसवलेल्या असतात. सगळा पत्रा जुना आणि हे भोक तेवढे कोरे, असे दिसले की थांबावे.

याग्यू त्सुबाही याच गावच्या. ओवारी तोकुगावांचे तलवारगुरू याग्यू यांच्या घराण्यातल्या रेन्यासाईशी (1625–1694) या आकृत्या जोडल्या जातात. लोखंड वाळूसारखे खरखरीत, चित्रे लाटांसारखी ठसठशीत.

शुक्रवार, क्योतो

नागोयाहून पस्तीस मिनिटे. कालच्या जाड, गाठाळ लोखंडानंतर क्यो-सुकाशी पाहिली की फरक सांगावा लागत नाही. कड गोल आणि अरुंद, जाळीच्या रेघा बारीक आणि सारख्या, सेप्पा-दाई सडपातळ, तेक्कोत्सु जवळजवळ नाही. एदोतल्या आकासाका घराण्याने ही क्योतोची मांडणी पुढे नेली. पहिला तादामासा, सतरावे शतक. आकासाकाच्या कडेत लोखंडाचे थर ओळखू येतात आणि पत्रा मध्याकडून कडेकडे किंचित उतरतो. दोघींत गोंधळ झाला तर चित्र कडेला कुठे भिडते ते पाहावे : क्योतोत रेघ कडेत विरघळते, आकासाकात भिडण्याची जागा जाड आणि ठाम.

क्योतोतच पितळी जडावाची हेइआन्जो कामे, आणि उमेतादा म्योजू (1558–1631), ज्याने धातूवर सपाट जडावाने जवळजवळ चित्रकारी केली. शहराच्या दक्षिणेला फुशिमी. कानेइए या त्सुबाकाराच्या सहीत याच गावाचे नाव येते. लोखंडी पत्र्यावर डोंगर, नाव, एकटा साधू असा देखावा मांडण्यात त्याला जोड नाही. त्याची कड मुद्दाम असमान ठोकलेली असते. पुढच्या नकलांत ती असमानताही आखल्यासारखी येते.

दुपारी सान्नेन्झाका चढावरचे छोटे संग्रहालय. तिथे शोगुनकाळाच्या अखेरची आणि मेजी काळातली कामे. गोतो इचिजो (1791–1876) क्योतोचा. गोतो घराण्याला लोखंड वर्ज्य, म्हणून लोखंडावर काम करताना तो हाकुओ ही वेगळी सही वापरी. कानो नात्सुओ (1828–1898) हाही क्योतोतच जन्मला. तलवारबंदीच्या आधीच त्याने मेजी सरकारच्या नाण्यांचे काम केले आणि पुढे टोकियोच्या कलाशाळेत शिकवले. त्याच्या कामात रिकामी जागा चित्राइतकीच मोजून ठेवलेली असते.

शनिवार, कुमामोतो

शिन-ओसाकाला गाडी बदलून साडेतीन तासांच्या आसपास. कुमामोतो स्टेशन ज्या भागात आहे त्याचे नाव कासुगा, आणि हायाशी माताशिची या त्सुबाकाराचे घराणे याच कासुगा गावच्या नावानेही ओळखले जाते. म्हणजे गाडीतून उतरताच अभ्यास सुरू.

होसोकावा हे सरदार घराणे 1632 मध्ये हिगो, म्हणजे आजच्या कुमामोतो, प्रांतात आले. वडीलधारे तादाओकी, निवृत्तीनंतर सान्साई, चहाचे आचार्य रिक्यू यांच्या सात प्रमुख शिष्यांपैकी एक. हिगो त्सुबांची चव या चहाघरातून आली आहे : दिखाऊपणा कमी, हाताला लागणारा पोत जास्त. किल्ल्याच्या निनोमारू भागातल्या प्रांतीय कला संग्रहालयात होसोकावा संग्रहासाठी वेगळी जागा आहे.

हिगोची चार घराणी. हायाशी : पूर्वज ओवारीचे, बंदूककाम करणारे. लोखंड घट्ट, दाट तुकतुकीचे, रंग योकान मिठाईसारखा जांभळट काळा. सोन्याचा जडाव मोजका. हिराता हिकोझो : लोखंडापेक्षा यामागाने आणि पितळ, पत्र्यावर मध्यापासून कडेकडे कानशीच्या किरणांसारख्या रेघा, कडेला वेगळ्या धातूची नक्षीदार पट्टी. निशिगाकी कानशिरो हिकोझोचा शिष्य, पण मनमोकळा. त्याचे वर्तुळ बिघडलेले वाटते, पाने वळतात, सममिती किंचित हलते. शिमिझु जिंगो : पितळी जडावातले मोठे शिकारी पक्षी, बऱ्याचदा एका बाजूला लोटलेले, धीट आणि थोडे ओबडधोबड.

नवखा माणूस अडतो तो हायाशी आणि या चारांबाहेरचे कामियोशी यांच्यात. कामियोशी घराणे हायाशींकडे शिकले आणि त्यांच्याच आकृत्या करत राहिले. त्यांच्यातला राकुजू 1884 पर्यंत होता. उपाय कालचाच : चित्र सोडा, लोखंड पाहा. कामियोशीचा काळा अधिक सारखा आणि गडद, जाळीचे काठ अधिक धारदार. हायाशीत काठ मऊ पडतात आणि रंगात खोली दिसते.

रविवार, कुमामोतो

किल्ल्याजवळचे प्रांतीय हस्तकला केंद्र. हिगोचा जडाव आज दागिने आणि शोभेच्या वस्तूंवर जिवंत आहे. कृती समजली की जुने काम पाहण्याची नजर बदलते. लोखंडावर छिन्नीने उभ्या, आडव्या आणि दोन तिरक्या अशा चार दिशांनी कापडाच्या विणीसारख्या बारीक रेघा पाडतात, म्हणून नाव नुनोमे, कापडाचा डोळा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून हरणाच्या शिंगाने आणि हातोडीने दाबतात. पत्रा रेघांच्या दातांत रुततो. उरलेल्या रेघा घासून काढतात, गंज धरवतात आणि चहाच्या पाण्यात उकळून तो थांबवतात. चहातले टॅनिन गंजाला काळे, स्थिर करते.

आपल्याकडची कोफ्तगिरी याच जातीची. बिदरी वेगळी : तिथे खाच कोरून चांदी आत बसवतात. जपानीतही खाचेतला जडाव निराळा मोजतात. कुठला कोणता हे झिजलेल्या जागी कळते. नुनोमेचे सोने उडाले की खाली जाळीदार ओरखडे राहतात, खाचेतले उडाले की खड्डा. सोने उडाले, पण खाली ना ओरखडे ना खड्डा? मग तो नंतर चढवलेला मुलामा.

संध्याकाळच्या विमानाने टोकियो.

सोमवार, टोकियो

संग्रहालये बंद, म्हणून आजचा दिवस दुकानांचा. गिन्झा भागात तलवारींची दुकाने आहेत. विचारल्याशिवाय हात लावू नये. परवानगी मिळाली की अंगठी, घड्याळ काढावे, त्सुबा फक्त कडेला धरावी, आणि मऊ कापडावर, टेबलापासून चार बोटांपेक्षा उंच उचलू नये. शाकुदोवर बोटाचा घाम लागला की डाग राहतो.

ओतीव लोखंड ओळखायला जाळीच्या आतल्या भिंती बघाव्यात. घडीव त्सुबात तिथे कानशीच्या आणि करवतीच्या खुणा असतात. ओतीवमध्ये बुडबुड्यांची बारीक छिद्रे आणि मधून जाणारी साच्याची रेघ. हिकोने गावच्या सोतेन या कारागिराच्या नावाने मिळणाऱ्या माणसामाणसांनी भरलेल्या जाळीदार त्सुबांत नकला सर्वाधिक. योकोहामातून परदेशी पाठवण्यासाठी केलेला माल हामामोनो म्हणून ओळखतात : चकचक भरपूर, सेप्पा-दाईवर झीज शून्य. बाजूचे भोक चित्राला मधूनच कापत असेल तर ते मागाहून पाडलेले. हा खोटेपणा नव्हे, पण किंमत उतरते.

र्‍योगोकुच्या संस्थेची प्रमाणपत्रे चार पायऱ्यांची : होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो. बिनसहीच्या त्सुबावर कागदात नुसते ओवारी किंवा कानायामा असे घराणे लिहिलेले असते, आणि फोटो चिकटवलेला. फोटोतली भोके आणि समोरची भोके जुळवून घ्यावीत, कारण कागद आणि त्सुबा यांची अदलाबदल होते.

नुसत्या त्सुबाला तलवारीसारखी नोंदणी लागत नाही, सोबत तलवारीचे पाते असले तर लागते. कोझुकात सुरीचे पाते असेल तर ते आणि कोगाई विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नये. त्सुबा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नको, दमट हवेत तिथेच लाल गंज धरतो. कोऱ्या सुती कापडात गुंडाळून किरी लाकडाच्या पेटीत ठेवावी. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवून आठवड्यातून एकदा उघडून बघावे. लाल ठिपका दिसलाच तर हाडाच्या बोथट टोकाने हळूहळू खरवडून सुती कापडाने पुसावे. सँडपेपर लावायचा नाही.